बोगद्याच्या तोंडाशी

माझ्या यजमानांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. त्यानंतर मी महामायेच्या देवळात जाणं सोडलं. ठरवून किंवा रागावून सोडलं, असं नाही. देवीचं देऊळ रायपुरात पुरानी बस्तीत आहे, आमच्या पाऱ्यातून, म्हणजे मोहल्ल्यातून, चालत जाण्याइतकं जवळ. लग्न होऊन नागपूरहून आले तेव्हापासून तिथे माझं नेमाने जाणं होतं. झटक्यानंतर आधी दवाखाना, मग हातापायांचे व्यायाम, मग वाचेचे धडे, असं सुरू झालं. आणि एक दिवस लक्षात आलं की आपण कित्येक महिने तिकडे फिरकलोच नाही आणि जावंसंही वाटत नाही. देवीसमोर उभं राहून काय बोलायचं, हेच कळत नव्हतं. मागणं एकच होतं आणि ते मागून झालं होतं. मागण्याखेरीज देवीशी बोलायची मला सवय नव्हती.

माझी नोकरी वर्तमानपत्राच्या डेस्कवर झाली, आधी नागपुरात मराठीत, मग रायपुरात हिंदीत. जे स्वतः पाहिलं ते आणि जे दुसऱ्याकडून ऐकलं ते वेगळं ठेवायचं, ही तिथली पहिली शिस्त. पुढची हकीकत मी त्याच शिस्तीने सांगणार आहे. तिचा अर्थ ज्याने त्याने लावावा.

हे रेल्वेत गार्ड होते. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण आमच्या घरी तो शब्द रुळला नाही. बहुतेक नोकरी मालगाडीवर, शेवटच्या डब्यात, एकट्याने झाली. झटक्यानंतर पाय बऱ्यापैकी सुधारला; उजवा हात मात्र खांद्याच्या वर जात नाही आणि त्याच्या बोटांत जोर नाही. समजतं सगळं. घड्याळ कळतं, हिशेब कळतो, माणसं कळतात. शब्द तेवढे येत नव्हते. एक शब्द उरला होता, ‘ऑल राइट’. गाडी सुटताना गार्ड आणि ड्रायव्हर एकमेकांना खूण करून हे कळवतात. आयुष्यभर म्हटलेलं हे एवढंच त्यांच्या जिभेवर शिल्लक राहिलं. भूक लागली तरी ऑल राइट, पाय दुखला तरी ऑल राइट, आणि राग आला तरी तेच, जरा मोठ्याने. सुरावरून मला सगळं कळत असे आणि मग त्यांच्या वतीने मीच बोलत असे. डॉक्टरांशी, दूधवाल्याशी, नातेवाइकांशी.

आमची मुलगी जपानमध्ये नोकरीला आहे. दिवाळीला तिला सुट्टी मिळणार नव्हती, म्हणून तिने आम्हालाच बोलावलं. यांना परदेशातल्या गाड्या बघायच्या होत्या, ती जुनी इच्छा तिला माहीत होती. डॉक्टरांनी हरकत घेतली नाही. मीच कचरत होते. तेव्हा नवरात्र सुरू होतं. माझी नणंद पुरानी बस्तीतच राहते. तिने महामायेच्या देवळात भावाच्या नावाने ज्योत लावली होती आणि ते सांगायला घरी आली होती.

मी म्हटलं, ‘‘मला नाही विचारलंस.’’

‘‘तुमाले काहून विचारू?’’ ती म्हणाली. ‘‘तुमाले नसन मागायचं तं नका मागू, वहिनी. मी मागून राहिली ना. नवरा तुमचा असन, भाऊ तं माहा हाये.’’ मग तिने यांच्याकडे वळून विचारलं, ‘‘का दादा, जातं का नाही जपानले? वहिनीच्या भरोशावर राहशीन तं पंडरी बाजाराच्या पलीकडे नाही जात तू.’’

हे हसले आणि म्हणाले, ‘‘ऑल राइट.’’ त्या वेळी त्याचा अर्थ विचारावा लागला नाही.

तिथे पोचल्यावरचे पहिले दिवस फार छान गेले. जपानमधले रेल्वेचे लोक काम करताना पांढऱ्या हातमोज्याचं बोट रोखून दाखवतात आणि पाहिलं ते मोठ्याने उच्चारतात. सिग्नलकडे बोट, घड्याळाकडे बोट, दारांकडे बोट. यांना ते इतकं आवडलं की आम्ही एका स्टेशनवर दोन-तीन गाड्या सोडून दिल्या आणि नुसते बघत उभे राहिलो. एका गार्डाने यांच्याकडे पाहून टोपीला हात लावला. आपल्या माणसाने आपल्याला ओळखावं, तसा यांचा चेहरा झाला होता.

अडचण एकच होती. गाडी थांबली की हे उठत. गाडी उभी राहिली आणि गार्ड बसून राहिला, असं त्यांच्या नोकरीत कधी झालं नाही. खाली उतरायचं, गाडीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर टाकायची, मग खूण करायची. मगच गाडी हलणार. तिथे मात्र दारं आपोआप मिटतात आणि गाडी कोणासाठी थांबत नाही. प्रत्येक स्टेशनावर मी त्यांची बाही धरून खाली बसवत असे.

मुलीला आठवड्यात सुट्टी नव्हती. तिने आम्हा दोघांसाठी डोंगरातल्या एका लहान लाइनीवरची सहल ठरवून दिली. सकाळी बसायचं, दुपारी गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी उतरायचं. मधे कुठेही गाडी बदलायची नाही. तिथल्या स्टेशनावरून हॉटेलवाले न्यायला येणार होते. निघताना तिने मला चार वेळा बजावलं. ‘‘आई, सुन ना. तुले काहीच करायचं नाही, बस बसून राहायचं. और बाबाले उतरू नको देऊ, प्लीज.’’

‘‘मी काय त्यांना बांधून ठेवू?’’

‘‘हव, बांधून ठेव,’’ ती म्हणाली.

दोन डब्यांची गाडी होती. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला देवदारांचा चढ. डब्यात मोजकीच माणसं, बहुतेक म्हातारी. लाइन एकेरी होती, म्हणजे समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायची तर एखाद्या स्टेशनावर थांबून राहावं लागतं. तसं एका स्टेशनावर आम्ही थांबलो. तिथे कर्मचारी नव्हते. दोन रुळांच्या मधे एक फलाट, एक छप्पर, दोन बाकं. पुढे फलाट संपतो तिथून थोड्याच अंतरावर बोगदा दिसत होता. गाडी नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहिली. मी खाली वाकून पिशवीतून डबा काढत होते. त्यात घरून आणलेली ठेठरी होती, बेसनाची, रायपुरी. यांना प्रवासात ती लागते. दाराशी एक बटण असतं, ते दाबलं की दार उघडतं. हे यांनी पहिल्याच दिवशी शिकून घेतलं होतं. मी डबा काढून वर पाहिलं तर शेजारची जागा रिकामी होती.

मग टुण्‌टुण् असा आवाज झाला आणि दारं मिटली. मी दाराकडे धावले, बटण दाबत राहिले, काचेवर हात मारले. गाडी फलाटाच्या कडेने पुढे जात होती, म्हणून ते मला अगदी जवळून दिसले. ते फलाटाच्या पुढच्या टोकाला, आमच्या गाडीकडे पाठ करून उभे होते. समोरून आलेली गाडी सुटून उलट दिशेला निघाली होती आणि हे तिच्या शेवटच्या डब्याकडे पाहत होते. समोरची गाडी पूर्ण आली का, तिचा शेवटचा डबा जागेवर आहे का, हे गार्डाने पाहायचंच असतं. डावा हात त्यांनी वर केला होता. ते ऑल राइटची खूण देत होते. त्यांच्या सबंध आयुष्यात त्यांनी खूण केल्याशिवाय त्यांची गाडी कधी सुटली नव्हती. ही सुटेल, असं त्यांच्या मनात आलंच नसणार.

लगेच बोगदा आला. काचेत माझाच चेहरा दिसायला लागला.

मला कशाची भीती वाटली, ते स्पष्ट सांगायला हवं. हरवण्याची भीती होतीच. त्यांचा पासपोर्ट, फोन, पैसे सगळं माझ्या पर्समध्ये. कोणी विचारलं, काका, काही मदत हवी का, तर ते ऑल राइट म्हणणार, आणि विचारणारा निश्चिंत होऊन निघून जाणार. पण खरी भीती दुसरी होती. गाडी मधेच तुटली, डबे मागे राहिले, तर गार्ड लाइनीवरून पायी चालत जातो. पाऊस असो, रात्र असो, बोगदा असो. ते त्याचं कामच आहे. हे आपल्या गाडीमागे चालत निघणार, याविषयी मला शंका नव्हती. पुढे बोगदा होता, पाय लंगडता होता आणि लाइन एकेरी होती.

गाडीचा गार्ड मागच्या डब्यात होता. पन्नाशीचा, शांत चेहऱ्याचा. मला जपानी येत नाही आणि त्याला माझं इंग्रजी पुरेसं कळेना. मुलीला फोन लावला तर बोगद्यात रेंज नाही. मी त्याचा हात धरून त्याला आमच्या जागेपाशी आणलं आणि रिकामी सीट दाखवली, तिच्यावरची यांची टोपी दाखवली. त्याने मान हलवली आणि हाताने ‘शांत व्हा, पुढच्या स्टेशनवर बघू’ अशी खूण केली. एक प्रवासी मागे राहिला, असं त्याला वाटलं असेल. असं रोज घडतं. तेव्हा मी बोटाने खालचे रूळ दाखवले, काचेबाहेरचा बोगदा दाखवला, आणि दोन बोटं सीटच्या पाठीवरून माणसाच्या पायांसारखी चालवली. त्याने ती बोटं पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि तो मागच्या डब्यात जवळजवळ पळत गेला. वायरलेसवर तो बोलत होता. त्याचा आवाज तेवढाच शांत होता, पण मोकळा हात टेबलाची कड घट्ट धरून होता.

पुढच्या स्टेशनावर मला उतरवून घेतलं. तिथे कर्मचारी होते. आता फोन लागला. मुलीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘‘आई, बाबा बोलतील काय कोणाले? ऑल राइटच बोलतील ना सबको.’’ मी म्हटलं, ‘‘रडू नकोस. यांच्याशी बोल.’’ आणि फोन स्टेशनवरच्या माणसाकडे दिला.

त्यातून दोन गोष्टी कळल्या. त्या लाइनीवरची पुढची गाडी थांबवून ठेवली होती. आणि समोरून आलेल्या गाडीच्या गार्डाने कळवलं होतं की एक वृद्ध परदेशी गृहस्थ फलाटाच्या टोकाला उभे होते, त्यांनी हात वर करून खूण केली आणि त्याने खुणेला उत्तर दिलं. म्हणजे ते त्या गाडीत चढलेले नव्हते, फलाटावरच होते. माझ्या हाती आलेली ही पहिली पक्की बातमी. पण ती गाडी केव्हाच पुढे गेली होती. त्यानंतरचं कोणालाच माहीत नव्हतं. तिथे दुसरं कोणी नव्हतं.

स्टेशनवरचा तो माणूस मला टॅक्सीत घालून मागे घेऊन निघाला. रेल्वे डोंगराच्या पोटातून सरळ जाते. रस्ता मात्र नदीबरोबर वळणं घेत लांबून जातो. हा रस्ता माझ्यासाठी सगळ्यात कठीण होता. झटका आला त्या दिवसापासून माझ्या हाताला सतत काहीतरी काम होतं. औषध, फोन, रिपोर्ट, रिक्षा, त्यांचं बोलणं, त्यांची बाही. टॅक्सीत काहीच नव्हतं. ड्रायव्हर गाडी चालवत होता, स्टेशनवरचा माणूस फोनवर बोलत होता, मुलगी त्याच्याशी बोलत होती. मी मागे नुसती बसले होते, मांडीवर यांची टोपी घेऊन.

तेव्हा मला महामाया आठवली. ठरवून आठवली नाही. देवळातला गाभारा डोळ्यांसमोर आला, तेलाचा वास आला, नवरात्रातल्या ज्योतींचा उबारा आला. त्या ज्योतींत एक यांच्या नावाची होती आणि ती मी पाहायलाही गेले नव्हते. मी मनात म्हटलं, आई, माझ्या हातात आता काही नाही. तूच बघ. हे मागणं नव्हतं. वाचव, परत दे, असं काही मी म्हटलं नाही. डेस्कवर पाळी संपली की आपल्या जागी येणाऱ्याला काम सोपवून उठायचं असतं, मग मथळ्यात चूक होवो की न होवो. गार्डही पुढच्या गार्डाला चार्ज देऊन घरी येतो. तसं ते होतं. म्हटल्यावर माझे हात सैल झाले. टोपी मी इतकी घट्ट धरली होती की तिच्यावर बोटांच्या खुणा उमटल्या होत्या, हे तेव्हा दिसलं. भीती गेली नाही. पण ती एकटीने वाहायची आहे, असं वाटेनासं झालं. मी खिडकीतून नदी पाहिली. पाणी हिरवं होतं आणि एक बगळा उभा होता. इतक्या वेळात मी बाहेर पाहिलंच नव्हतं.

टॅक्सी स्टेशनपाशी थांबली. फलाट रिकामा होता. दोन्ही बाकं रिकामी होती. स्टेशनवरचा माणूस पुढे धावला, फलाटाच्या टोकाला गेला आणि तिथून त्याने मला हात केला. वाकून बोलवावं तसा, सावकाश. मी गेले.

फलाट संपतो तिथून एक पायवाट उतरते आणि लाइनीच्या कडेने बोगद्याच्या तोंडाकडे जाते. बोगद्याच्या बाजूला, रुळांपासून सुरक्षित अंतरावर, एक हातभर उंचीची दगडी मूर्ती होती. गोल चेहरा, मिटलेले डोळे, झिजलेलं नाक. मूर्तीच्या गळ्यात लाल कापड बांधलेलं होतं, नवंकोरं. समोर फुलं होती. आणि मूर्तीशेजारच्या दगडावर हे बसले होते. त्यांच्या जवळ, त्यांच्या कोटाची बाही धरून, डोक्याला पांढरा रुमाल बांधलेली एक म्हातारी बसली होती. दोघांच्या मधे संत्र्याच्या सालींचा ढीग होता.

मधल्या वेळात काय घडलं, ते बरंचसं मला त्या म्हातारीने सांगितलं, म्हणजे तिने मुलीला फोनवर सांगितलं आणि मुलीने मला. ती मूर्ती जिझोची. प्रवाशांना आणि लहान मुलांना तो राखतो, अशी तिथली श्रद्धा. म्हातारी जवळच्या वस्तीत राहते. मूर्तीची झाडलोट आणि फुलं तिच्याकडे असतात. ती रोज सकाळी लवकर येते आणि घरी जाते. त्या दिवशी जिझोच्या गळ्यातलं कापड बदलायचं होतं. नवं शिवलेलं कापड ती घरीच विसरली, इथे आल्यावर तिच्या लक्षात आलं, म्हणून परत गेली आणि पुन्हा आली. ती गाठ मारत होती तेव्हा एक माणूस फलाटावरून लंगडत खाली उतरला आणि रुळांकडे निघाला. बोगद्यापाशी येऊन तो थबकला. लाल कापडाकडे त्याने बराच वेळ पाहिलं. मग चप्पल काढावी तसे बूट काढले, डावा हात कपाळाला लावला आणि तिथेच उभा राहिला.

हे का थबकले, ते मला कळलं. ते तिला कळण्यासारखं नव्हतं. यांच्या जुन्या लाइनीवर घाटात एका बोगद्याच्या तोंडाशी देवीचं ठाणं आहे. एक दगड, त्यावर लाल कापड. ड्रायव्हर तिथे शिटी देतो, गार्ड मागच्या डब्यातून हात जोडतो, मग बोगदा. तिला नमस्कार केल्याशिवाय कोणी आत जात नाही. लाल कापड नेसवलेला दगड दिसला आणि बोगदा दिसला, तेव्हा हे थांबणारच होते. त्या वेळी तिथे ती बाई होती, एवढं मात्र कोणी ठरवलेलं नव्हतं.

तिने त्यांना विचारलं, कुठे जायचंय? ते म्हणाले, ऑल राइट. तिला इंग्रजीचा एक शब्दही येत नाही. त्यामुळे इतर कोणी ज्या उत्तराने निश्चिंत होऊन निघून गेलं असतं, त्याचा तिच्यावर काहीच परिणाम झाला नाही. तिने त्यांचे हात पाहिले. ते गार पडले होते. तिने त्यांना बसवलं आणि पिशवीतली संत्री काढली. हे दोन-तीनदा रुळांकडे जायला उठले.

‘‘मग तुम्ही काय केलं?’’ मुलीने विचारलं.

‘‘उठले की एक संत्रं दिलं,’’ ती म्हणाली. ‘‘अजून दोन शिल्लक आहेत. बरं झालं, तुम्ही आलात.’’

मी तिच्या पाया पडायला वाकले. ती गडबडून उठली आणि तिथल्या रीतीने माझ्यापुढे वाकली. मी आणखी वाकले, तर तीही आणखी वाकली. आमची डोकी आपटता आपटता राहिली. हे हसायला लागले. त्यांचं ते हसणं ऐकलं आणि मग मला रडू आलं.

मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांच्या हातात सोलायला घेतलेलं संत्रं होतं. घरी मी त्यांना कधी संत्रं सोलू दिलं नव्हतं. एका हाताने जमत नाही, सांडतं, कपडे भरतात. त्यांनी ते गुडघ्यात धरलं होतं आणि डाव्या हाताच्या अंगठ्याने साल काढत होते. साल तुकड्यातुकड्यांनी निघत होती, रस पँटीवर सांडत होता. म्हातारी नुसती पाहत होती. मी हात पुढे केला आणि का कोण जाणे, मागे घेतला. त्यांना वेळ लागला. सोलून झाल्यावर त्यांनी एक फोड माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, ‘‘घे.’’

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. मुलगी फोनवर होती, तिनेही ऐकलं. ती म्हणाली, ‘‘आई, कोण बोललं?’’

मी म्हटलं, ‘‘बाबा.’’

तो शब्द तिथेच का आला, मला सांगता येणार नाही. परत आल्यावर वाचेच्या डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, असं होतं कधीकधी. वतीने बोलणारं कोणी जवळ नसलं की माणूस स्वतः शोधतो. ते खरं असेल. नणंदेला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, ‘‘मंग? ज्योत का उगाच लावली होती मी?’’ तेही मी खोटं म्हणणार नाही. दोन्ही बातम्या माझ्याकडे आहेत. एक ठेवून दुसरी गाळायचं कारण मला अजून सापडलेलं नाही.

त्या लाइनीवरून आम्ही त्याच दिवशी पुढे गेलो, झऱ्यांच्या गावीही गेलो. उरलेले दिवस मुलीबरोबर राहिलो. रायपुरात परतल्यावर मी पहिल्यांदा देवळात गेले तेव्हा तिथे गर्दी नव्हती. देवीसमोर उभी राहिले. काही मागायचं आहे का, म्हणून मनात पाहिलं, तर मागायचं काही नव्हतं आणि तरी उभं राहावंसं वाटत होतं. मागण्यावाचून तिथे उभं राहता येतं, हे मला या वयात कळलं. कृतज्ञता म्हणजे काय, याची व्याख्या मी करणार नाही. त्या अनोळखी बाईचं नाव मला माहीत आहे, ते इथे लिहीत नाही. पण रोज दिवा लावताना तिचं नाव घेते, आणि त्या समोरच्या गाडीच्या गार्डाची आठवण काढते, ज्याने एका म्हाताऱ्याच्या खुणेला खुणेने उत्तर दिलं.

यांच्याकडे आता सात-आठ शब्द आहेत. ‘घे’, ‘दे’, ‘चल’, मुलीचं नाव, माझं नाव, ‘आई’, म्हणजे देवी, आणि ‘नको’. शेवटचा माझ्यासाठी जास्त वापरतात. शब्द वाढतील की एवढेच राहतील, हे कोणी सांगू शकत नाही. ऑल राइट अजून आहेच.

महिनाभरापूर्वी एका संध्याकाळी ते उठले, बूट घातले, दाराशी गेले आणि म्हणाले, ‘‘आई.’’ मी पदर सारखा करून निघणार, तेवढ्यात म्हणाले, ‘‘नको.’’ रस्ता गर्दीचा आहे, ई-रिक्षा आहेत, गायी आहेत, बोळ आहेत. मी दारात उभी राहिले आणि ते गेले. त्या दिवशी थोड्याच वेळात नणंदेला फोन केला, हे मान्य करते; ती तेव्हा देवळातच होती. ती म्हणाली, ‘‘आले दादा. बसून राहिले देवीसमोर, मजेत. तुमी काहून फोन करून राहिल्या?’’

आता ते आठवड्यातून तीन-चारदा एकटे जातात. कधी लवकर येतात, कधी उशीर होतो. वाटेत कोणी भेटतं, कोणाला ते हात वर करून खूण देतात, कोणी चहा पाजतं. सोपवणं हे एकदाच करून संपत नाही. टॅक्सीत एकदा केलं होतं, तेव्हा दुसरा इलाजच नव्हता. आता इलाज आहे, मागे जाता येतं, फोन करता येतो, आणि तरी रोज दारात उभं राहून पुन्हा तेच करावं लागतं. मला ते काही दिवस जमतं, काही दिवस जमत नाही.

आज ते गेले आहेत. दिवेलागणीची वेळ झाली आहे. मी देवापुढे दिवा लावला, भाजी चिरून ठेवली, आणि हे लिहायला बसले. फोन समोर टेबलावर आहे. अजून मी तो उचललेला नाही.